गावातला एकाकीपणा आणि निसर्गातले उपक्रम : अभ्यास कसा उभा करावा

झाडांत गेलं की मन हलकं होतं, हे कुणालाही लगेच पटतं. या विषयात नव्याने उतरणारा संशोधक बहुतेक वेळा इथेच पहिल्यांदा चुकतो. शहरातून येणाऱ्याला ओढ्याकाठची सावली म्हणजे विसावा वाटतो. गावात राहणाऱ्याला तोच ओढा रोज ओलांडावा लागतो आणि ती माती म्हणजे त्याची रोजची मेहनत असते. त्याच्याकडे निसर्गाची वानवा नाही. शेजारचं घर लांब असतं, तरुण पोटापाण्यासाठी बाहेर पडलेले असतात आणि गाडी दिवसातून एकदाच येते. अशा ठिकाणी उणीव असते ती चार माणसांनी सहज एकत्र येण्याच्या निमित्ताची. म्हणून ‘निसर्गाने एकाकीपणा कमी होतो का?’ हा प्रश्न गावासाठी अपुरा आहे. नेमका प्रश्न असा ठेवा : तेवढाच वेळ, तेवढ्याच माणसांच्या सोबतीत, चार भिंतींच्या आत घालवला आणि उघड्यावर घालवला, तर फरक पडतो का, आणि पडत असेल तर कशामुळे? पुढची प्रत्येक पायरी या प्रश्नावर उभी आहे.

पायरी १ : शब्द नीट लावून घ्या

एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा यांत गल्लत झाली की सगळा अभ्यास वाया जातो. एकांत माणूस स्वतः निवडतो. एकटेपणा बाहेरून मोजता येतो : घरात किती माणसं आहेत, आठवड्यात कितीजणांशी बोलणं होतं. एकाकीपणा मात्र आतला आहे. पर्लमन आणि पेप्लाऊ यांनी १९८१ मध्ये त्याची व्याख्या केली, ती आजही वापरात आहे. हवी असलेली नाती आणि प्रत्यक्षात असलेली नाती यांतली तफावत खुपते, तो एकाकीपणा. त्यामुळे भरल्या घरातली सून एकाकी असू शकते आणि माळावर एकटा राहणारा माणूस समाधानी असू शकतो.

त्याआधी १९७३ मध्ये रॉबर्ट वाईस यांनी आणखी एक भेद केला होता. जीवाभावाचं माणूस नसणं हा भावनिक एकाकीपणा, आणि ओळखीपाळखीचा गोतावळा नसणं हा सामाजिक एकाकीपणा. गटाने केलेल्या उपक्रमातून गोतावळा वाढू शकतो, पण गेलेल्या जोडीदाराची जागा उपक्रमाच्या काही फेऱ्यांत भरून येईल अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. तुमचा उपक्रम यांपैकी कशावर काम करणार आहे, ते आधीच लिहून ठेवा.

हा केवळ वृद्धांचा विषय आहे असंही धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक नात्यांवरील आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा भेडसावतो, आणि किशोरवयीन व तरुणांमध्ये हे प्रमाण कमी नाही, उलट जास्तच आहे.

पायरी २ : आधीचं वाचन, पण चाळणी लावून

या विषयावरचे लेख वाचताना काही अभ्यास वारंवार समोर येतात. ते काय सांगतात यापेक्षा काय सांगत नाहीत, हे नीट पाहा. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास ४६ रुग्णांचा होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास मोलाचा आहे, पण त्यात एकाकीपणा मोजलेलाच नाही. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला १२० मिनिटं किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली प्रकृती बरी असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ही एका वेळची पाहणी होती. फिरल्यामुळे बरं वाटतं, की बरं वाटतं ते लोकच फिरतात, हे तिच्यावरून ठरत नाही.

नवख्याने आवर्जून वाचावा असा तिसरा अभ्यास निसर्गाबद्दलचा नाहीच. मासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एकाकीपणावरच्या उपायांचा एकत्रित आढावा घेतला. चिठ्ठी पद्धतीने गट पाडलेल्या अभ्यासांत सर्वांत उजवे ठरले ते ‘मी कुणाला नकोसा आहे’ यासारख्या विचारांच्या सवयीवर काम करणारे उपाय. नुसत्या भेटीगाठी वाढवणारे उपाय त्यांच्या मागे पडले. याचा तुमच्या कामासाठी अर्थ असा की माणसं एका झाडाखाली आणून बसवली म्हणजे काम झालं, असं होत नाही. आपली कुणीतरी वाट पाहतं आणि आपल्यावाचून काही अडतं, हा अनुभव उपक्रमाच्या रचनेतच असावा लागतो.

वाचनाची नोंद एका तक्त्यात ठेवा : अभ्यास कुठला, किती माणसं, तुलना कुणाशी, मोजपट्टी कोणती, किती महिन्यांनी पुन्हा मोजलं, ग्रामीण की शहरी. शेवटचा रकाना भरताना लक्षात येईल की बहुतेक पुरावा शहरी बागांमधला आहे.

पायरी ३ : गाव समजून घ्या

प्रश्नावली घेऊन थेट दारोदार जाऊ नका. पहिले तीन-चार आठवडे तीन गोष्टींसाठी ठेवा.

पहिली, गावातल्या लोकांसोबत गावाचा फेरफटका. कुठे माणसं थांबतात, कुठे थांबणं बंद झालं, कोणती वाट बायका टाळतात, बसायला सावली कुठे आहे, काठी टेकत चालणारा कुठपर्यंत पोहोचतो, हे चालता चालता विचारा. खोलीत बसून विचारलेल्या प्रश्नांपेक्षा अशा चालत्या मुलाखतीत लोक मोकळे होतात, कारण नजर समोरच्या माणसावर रोखलेली नसते.

दुसरी, ऋतूंचं वेळापत्रक. मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि गावकऱ्यांकडून खडे किंवा बिया ठेवून घ्या : काम कधी जास्त, पाऊस कधी, आजार कधी, बाहेरगावी गेलेली माणसं कधी परततात, आणि ‘दिवस जाता जात नाही’ असं कोणत्या महिन्यांत वाटतं. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो. पहिली मोजणी सुस्त महिन्यात आणि दुसरी माणसांनी गजबजलेल्या महिन्यात झाली, तर आकडे सुधारलेले दिसतील आणि श्रेय विनाकारण उपक्रमाला जाईल.

तिसरी, जे दिसत नाहीत त्यांची यादी. सभेला येणारे लोक सहसा सर्वांत एकाकी नसतात. आरोग्यसेविका, टपाल पोहोचवणारा, शाळेतले शिक्षक यांना नावं विचारू नका. फक्त एवढं विचारा की कोणत्या वस्तीतली, कोणत्या परिस्थितीतली माणसं कुठेच दिसत नाहीत. मग त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट आखा. आजारी माणसाची देखभाल करणारे, ऐकू कमी येणारे आणि गावात नव्याने आलेले लोक हमखास सुटतात.

पायरी ४ : मोजपट्टी निवडा आणि ती बोलीत उतरवा

तीन मोजपट्ट्या माहीत असल्या तरी पुरे. यूसीएलए (अमेरिकेतलं एक विद्यापीठ) एकाकीपणा मोजपट्टीची २० प्रश्नांची तिसरी आवृत्ती १९९६ ची आहे. तिचे गुण २० ते ८० पर्यंत जातात. यूसीएलए मोजपट्टीचंच तीन प्रश्नांचं छोटं रूप २००४ मध्ये आलं : सोबतीची उणीव, डावललं गेल्याची भावना आणि इतरांपासून तुटल्याची भावना किती वेळा येते. ‘क्वचितच’, ‘कधी कधी’ आणि ‘बरेचदा’ यांना १, २, ३ गुण. एकूण ३ ते ९, आणि ६ किंवा अधिक गुण म्हणजे एकाकी, असं सहसा धरतात. तिसरी म्हणजे डी यॉन्ग खीरफेल्ड यांची सहा प्रश्नांची मोजपट्टी. ती भावनिक आणि सामाजिक एकाकीपणा वेगवेगळा दाखवते, म्हणून गटाच्या उपक्रमासाठी विशेष सोयीची आहे.

या सहा प्रश्नांच्या मोजपट्टीत गुण देताना नवखे हटकून चुकतात. तीन प्रश्न उणिवेबद्दल आहेत आणि तीन आधाराबद्दल. उणिवेच्या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं तर १ गुण, आधाराच्या प्रश्नांना ‘नाही’ म्हटलं तर १ गुण. ‘थोडंफार’ असं मधलं उत्तर आलं तर दोन्हीकडे १ गुणच. एकूण ० ते ६. हे उलटसुलट झालं की सगळ्यांची बेरीज तीनच्या आसपास घुटमळते. तशी ती दिसली तर आधी गुणांकन तपासा.

आता भाषांतर. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट भाषांतरित करायचं आणि फरक सोडवायचे, ही रूढ रीत आहे. ती पाळा, पण तिच्यावर थांबू नका. ‘तुम्हाला एकाकी वाटतं का?’ हे वाक्य व्याकरणाला बिनचूक आहे आणि बोलण्यात कुणी वापरत नाही. माणसं म्हणतात, ‘करमत नाही’, ‘घर खायला उठतं’, ‘बोलायला कोणी नाही’. म्हणून आठ-दहा जणांसमोर प्रश्न वाचा आणि उत्तरानंतर विचारा, ‘हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?’ सोबतीच्या प्रश्नावर कुणी ‘घरात सात माणसं आहेत, उणीव कसली?’ असं म्हणालं, तर त्याने माणसं मोजली, भावना मोजली नाही. तिथे शब्द बदला : ‘मनातलं बोलायला हक्काचं माणूस नाही असं किती वेळा वाटतं?’ मात्र शब्द एकदा ठरले की शेवटपर्यंत तेच ठेवा. तीन प्रश्नांच्या मोजपट्टीचे शब्द बदलले असतील तर तिची ६ गुणांची मूळ सीमारेषा जशीच्या तशी लावू नका, आणि हा बदल अहवालात नोंदवा.

या तीन प्रश्नांसोबत चौथा, एकाकीपणाबद्दलचा थेट प्रश्नही ठेवा. थेट विचारल्यावर लाजेने नाकारणारे लोक आडवळणाच्या प्रश्नांत सापडतात, आणि कधी नेमकं उलटही होतं.

पायरी ५ : उपक्रम आखा, तोही मिनिटांपर्यंत

‘निसर्गफेरी’ एवढंच लिहिलं तर दुसऱ्या कुणाला ती पुन्हा करता येणार नाही. कोण, कुठे, किती वेळ, किती वेळा, कोणत्या साहित्यासह, कितपत बदल चालेल, हे सगळं लिहा. टायडर नावाची १२ मुद्द्यांची तपासयादी (२०१४) यासाठीच आहे.

सुरुवातीला चालण्यासारखी रचना अशी : एका गटात ८ जण, २ प्रशिक्षित संयोजक, आठवड्यातून एकदा ९० मिनिटं, एकूण १२ वेळा. गट बंद ठेवा. दर वेळी नवे चेहरे आले तर ओळख मुरत नाही. पहिली १० मिनिटं जमण्याची, त्यात उशिरा येणाऱ्याला कुणी काही बोलायचं नाही. नंतर २० मिनिटं सावकाश चाल. चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. मग ३५ मिनिटं जोडीने काम, १५ मिनिटं बसून बोलणं, आणि शेवटची १० मिनिटं पुढच्या वेळी काय करायचं हे गटानेच ठरवण्याची.

मधली ३५ मिनिटं सर्वांत महत्त्वाची. काम असं निवडा जे एकट्याने होत नाही. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर झाडाच्या खोडाचा घेर मोजायचा असेल तर एकजण फितीचं टोक खोडाला दाबून धरतो, दुसरा फीत फिरवून आणतो, आकडा वाचतो आणि लिहितो. फीत वाकडी झाली तर एकाला दुसऱ्याला सांगावंच लागतं. पक्षी मोजताना एकाचे डोळे दुर्बिणीला, दुसऱ्याच्या हाती वही. दुसरा निकष म्हणजे काम पुढच्या आठवड्यापर्यंत टिकलं पाहिजे. पेरलेलं बी उगवलं का, हे पाहायला माणूस परत येतो, आणि कुणी आलं नाही तर ‘तुमच्या वाफ्याला पाणी आम्ही घातलं’ असं सांगण्याचं निमित्त इतरांना मिळतं. ज्यांची हयात शेतात राबण्यात गेली त्यांना खुरपणीचं काम देऊ नका. ते त्यांना काम वाटेल, आणि ते रास्तच आहे. त्यांना जाणकार म्हणून बोलवा : कोणतं रोप कुठे जगेल, पाणी कुठे मुरतं, हे त्यांनी सांगावं.

आमंत्रणात ‘एकाकी लोकांसाठी’ हे शब्द कधीही लिहू नका. तसं लिहिलं की कुणी येत नाही, आणि जो येतो त्याच्यावर शिक्का बसतो. ‘गावातल्या झाडांची नोंद’ एवढं पुरे. मात्र संमतीपत्रात अभ्यासाचा खरा हेतू स्पष्ट सांगायचा, तो लपवायचा नाही.

सुरक्षिततेसाठी जागेची आदल्या दिवशी पाहणी करा. पाण्याची सोय, प्रथमोपचार पेटी, मधमाशीच्या दंशाची किंवा अन्य ॲलर्जी कुणाला आहे याची नोंद आणि जवळच्या दवाखान्यापर्यंत वाहन, एवढं हवंच. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या इमारतीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली थांबणं सर्वांत धोक्याचं.

पायरी ६ : तुलना आणि माणसांची संख्या

तुलना गटाशिवाय ‘आधी ७ गुण, नंतर ५ गुण’ या आकड्याला अर्थ नाही. सर्वांत एकाकी माणसं निवडली की त्यातल्या काहींची मोजणी त्यांच्या वाईट दिवसांत झालेली असते. काही न करताही पुढच्या मोजणीत ती सरासरीकडे सरकतात. गावात हे आणखी फसवं ठरतं, कारण ऋतूही सोबत बदललेला असतो. उपाय एकच : तशाच माणसांचा दुसरा गट, त्याच तारखांना मोजलेला. तो गट तेवढाच वेळ, तेवढ्याच संयोजकांसह खोलीत बसून जोडीचंच काहीतरी काम करणारा असेल, तर सोबतीचा परिणाम आणि निसर्गाचा परिणाम वेगळे काढता येतात. नुसता ‘नंतर तुमची पाळी’ असा प्रतीक्षा गट ठेवला तर ते वेगळे निघत नाहीत.

कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठीने ठरवा, आणि चिठ्ठी संयोजकाने काढू नये. ओळखीच्या माणसाला हव्या त्या गटात घालण्याचा मोह होतो.

किती माणसं लागतील? मध्यम परिणाम (०.५ प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांतल्या गुणांच्या नेहमीच्या चढउताराच्या निम्म्याइतका फरक) ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक बाजूला ६४, एकूण १२८. पण एका गटातली माणसं एकमेकांसारखी होत जातात, म्हणून संख्या वाढवावी लागते. आठचा गट आणि गटांतर्गत सहसंबंध (एका गटातल्या माणसांच्या उत्तरांतलं साम्य) ०.०५ धरला तर १ + (८ − १) × ०.०५ = १.३५ पट, म्हणजे १७३. पाचातला एक गळेल असं धरलं तर १७३ ÷ ०.८, म्हणजे सुमारे २१७. आठाच्या पटीत २२४ माणसं, २८ गट. परिणाम ०.३ इतकाच असेल तर सुरुवातच प्रत्येक बाजूला सुमारे १७५ पासून होते.

नवख्याला हे झेपणारं नाही, आणि त्यात कमीपणा नाही. पहिला अभ्यास व्यवहार्यतेचा करा : चार गट, ३२ माणसं. त्यातून ‘उपक्रमाने फायदा होतो’ असा निष्कर्ष काढायचा नाही. विचारलेल्यांपैकी किती आले, १२ पैकी ८ वेळा किती जण हजर राहिले, शेवटची मोजणी कितीजणांनी दिली, हे पाहायचं. पुढे जाण्याच्या सीमा आधीच लिहा, उदाहरणार्थ अनुक्रमे ३०, ७० आणि ८० टक्के. आकडे आल्यावर सीमा ठरवल्या तर त्या सोयीच्या होतात.

एक गाव उपक्रमाचं, एक गाव तुलनेचं, ही मांडणी मोहक वाटते, कारण बातमी एका गटातून दुसऱ्यात जात नाही. पण दोनच गावं असतील तर दिसलेला फरक उपक्रमाचा की गावाचा, हे कधीच कळत नाही. मग प्रत्येक गावात शंभर माणसं का असेनात.

पायरी ७ : संमती, गुप्तता आणि बिघडलं तर

नैतिकता समितीची परवानगी आणि अभ्यासाची सार्वजनिक नोंदणी ही दोन्ही कामं पहिला माणूस सहभागी होण्यापूर्वी पुरी करा. संमतीपत्र वाचून दाखवा आणि ‘तुम्हाला काय समजलं ते सांगा’ असं विचारा. नुसती मान डोलावली म्हणजे समजलं, असं नसतं.

शहरात नाव काढलं की माणूस ओळखू येत नाही. गावात ‘७२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, मुलगा परदेशी’ एवढ्यावर कुणाबद्दल बोललं जातंय हे सगळ्यांना कळतं. म्हणून वयाचे गट करा, व्यवसाय मोघम ठेवा, उद्धृतात आलेले घरचे तपशील काढून टाका. नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची यादी उत्तरांपासून वेगळी, कुलुपात ठेवा. मुलाखत घेणारा त्याच भावकीतला नसावा.

पहिल्या मुलाखतीआधी एक पानभर लिहून ठेवा : कुणी ‘जगण्यात राम उरला नाही’ असं म्हणालं तर काय करायचं. थांबायचं, शांतपणे जीव संपवण्याचे विचार येतात का हे स्पष्ट विचारायचं, तसे विचार असतील तर माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि ठरलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला त्याच वेळी कळवायचं. असं विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. प्रश्नावली त्या दिवसापुरती बाजूला ठेवायची.

पायरी ८ : मोजणी, विश्लेषण आणि निरोप

मोजणी तीनदा : सुरुवातीला, १२ व्या आठवड्यात आणि त्यानंतर सहा महिन्यांनी. सहा महिन्यांची मोजणी खर्चामुळे गाळू नका. उपक्रम थांबल्यावर नाती टिकली का, हे तिथेच दिसतं. मधेच सोडून गेलेल्यांनाही मोजा आणि चिठ्ठीने जो गट मिळाला त्यातच धरा. जे गळतात ते बहुधा जास्त एकाकी असतात. त्यांना वगळलं की निकाल खोटा गोड होतो.

‘या गटात फरक लक्षणीय, त्या गटात नाही, म्हणून उपक्रम यशस्वी’ ही फार प्रचलित चूक आहे. दोन्ही गटांची शेवटच्या मोजणीतली थेट तुलना करा, सुरुवातीचे गुण आणि कोण कुठल्या आठजणांच्या गटात होतं हे हिशेबात धरून. आर ही मोफत संगणक प्रणाली यासाठी पुरते.

आकड्यांसोबत दहा-पंधरा जणांशी सविस्तर बोला. त्यात गळालेले तीन-चार हवेतच. हजेरीपटावर एक रकाना वाढवा : ‘ठरलेल्या वेळेबाहेर गटातलं कोण कुणाला भेटलं?’ मोजपट्टी हलण्याआधी हा रकाना हलतो, आणि उपक्रमाने काय केलं हे त्यातून लवकर कळतं.

बाराव्या भेटीनंतर गट अचानक तोडणं हे स्वतःच एक नुकसान आहे. आठव्या आठवड्यापासून संयोजकांनी एकेक जबाबदारी गटाकडे सोपवावी : निरोप कोण देणार, वाट कोण ठरवणार, वही आणि फीत कुणाकडे राहणार. निकाल गावात बोलीभाषेत, तोंडी सांगा, छापील अहवाल बाहेर जाण्याआधी. तिथे दाखवायच्या तक्त्यात पाचपेक्षा कमी माणसांचा आकडा असलेला एकही चौकोन नको, नाहीतर माणसं ओळखू येतात.